‘न्यायाधीश का व्हायचंय?’ : तालुका कोर्टाच्या खुर्चीसाठी टिकेल असं कारण कोणतं?

रातांबा

दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाच्या मुलाखतीची तयारी चालू आहे. मुलाखत ५० गुणांची. मुख्य परीक्षेचे दोन पेपर १००-१०० गुणांचे असले तरी यादीत वर-खाली होणं बऱ्याचदा या ५० वर ठरतं. ‘न्यायाधीश का व्हायचंय?’ हा प्रश्न येणारच असं धरून उत्तर लिहून काढलंय. ते इथे फोडून बघावं ही विनंती.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कोकणातल्या माणसाचा न्यायव्यवस्थेशी संबंध येतो तो तालुक्याच्या कोर्टात. वरच्या कोर्टात जायला पैसा, वेळ आणि उमेद तिन्ही लागतात, त्यामुळे बहुतेकांसाठी तालुक्याचा निकाल हाच शेवटचा असतो. म्हणून तो नीट लागावा यासाठी मला इथे काम करायचंय. दुसरं, जमिनीचे दावे दोन-दोन पिढ्या चालतात, ते लवकर संपवायचे आहेत. तिसरं, आपल्या माणसांची त्यांच्या भाषेत सेवा करायची आहे.

यातलं काय टिकेल, काय कोसळेल? गोड बोलू नका.

मिऱ्याबंदर

तिसरं कारण आजच काढून टाका. नेमणूक उच्च न्यायालयाच्या हातात असते आणि ती राज्यात कुठेही होते. साधारणपणे स्वतःच्या जिल्ह्यात किंवा जिथे वकिली केली त्या कोर्टात बसवत नाहीत, आणि दर तीनेक वर्षांनी बदली असते. ‘आपल्या माणसांची सेवा’ म्हटलंत की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘गडचिरोलीतल्या सिरोंचाला पाठवलं तर?’ शिवाय जो आपल्या माणसांसाठी न्यायाधीश होतो, त्याच्यासमोर परका माणूस उभा राहिला तर त्याने काय समजायचं?

सोनचाफा

मिऱ्याबंदर यांना अनुमोदन, पण भाषेचा मुद्दा पूर्ण टाकू नका. १९९८ पासून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि मराठी सहज बोलता-लिहिता येणं, मराठी-इंग्रजी दोन्हीकडून भाषांतर करता येणं ही नियमातलीच अट आहे. पक्षकाराला स्वतःचा निकाल स्वतः वाचून कळला पाहिजे, हे कारण कुठल्याही जिल्ह्यात लागू पडतं. ‘माझी माणसं’ हे शब्द तेवढे गाळा.

पोटहिस्सा

‘जमिनीचे दावे लवकर संपवीन’ या वाक्यावर बोलतो, कारण ते सगळेच म्हणतात आणि नेमकं काय अडतं ते कोणी सांगत नाही.

राजापूर, लांजा, देवगड, मालवण, कुठल्याही कोर्टातला वाटपाचा दावा घ्या. सातबाऱ्यावर आजोबांच्या भावांची नावं, प्रत्येकाच्या शाखेत पाच-सात वारस, निम्मे मुंबईत, काही बहिणी सासरच्या नावाने, दोघांचा पत्ताच नाही. प्रतिवादी तीस-चाळीस सहज होतात. आता दावा कुठे-कुठे मरतो ते बघा.

पहिली जागा समन्स. मुंबईचा पत्ता म्हणजे चाळीचा, आणि चाळ पुनर्विकासात गेलेली. बेलीफाचा अहवाल येतो, ‘सदर पत्त्यावर राहत नाही.’ पुन्हा पत्ता, पुन्हा तारीख. दोन प्रयत्नांनंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नियम २० खाली वर्तमानपत्रातून बजावणीचा हुकूम करायला हरकत नसते, पण त्याआधी वादीने खरोखर शोध घेतला का हे शपथपत्रावर घ्यावं लागतं. नाहीतर दहा वर्षांनी तोच माणूस ‘मला समन्स मिळालंच नाही’ म्हणून उभा राहतो आणि सगळं मागे जातं.

दुसरी जागा मयत. चाळिसातला एक जरी वारला तरी ९० दिवसांत त्याचे वारस दाखल करावे लागतात. ते राहिलं तर त्याच्यापुरता दावा आपोआप संपतो, आणि तो संपुष्टात आल्याचा परिणाम रद्द करून घ्यायला पुढचे ६० दिवस. वाटपात सगळे सहहिस्सेदार आवश्यक पक्षकार असल्यामुळे एकाच्या बाबतीतली चूक पूर्ण दाव्याला लागते. यावर उपाय संहितेतच आहे. ज्या प्रतिवादीने कैफियतच (दाव्याला लेखी उत्तर) दिली नाही, त्याचे वारस आणण्यापासून वादीला सूट देता येते (आदेश २२ नियम ४(४)), मात्र निकालाच्या आधी. आणि आपला पक्षकार वारल्याचं कोर्टाला कळवणं हे वकिलाचं कर्तव्य आहे (नियम १०-अ). जो न्यायाधीश दर तारखेला ‘सगळे हयात आहेत ना?’ एवढं विचारून रोजनाम्यात लिहितो, त्याच्याकडचे दावे पुढे सरकतात.

तिसरी जागा कूळ. कैफियतीत ‘आम्ही कूळ आहोत’ एवढी एक ओळ आली की कुळकायद्याच्या कलम ८५-अ खाली तो मुद्दा तहसीलदाराकडे पाठवून दावा थांबवावा लागतो. पण नुसती ओळ पुरत नाही. कधीपासून, कुठल्या गटात, खंड किती, पावती किंवा पीकपाहणीत नाव, यातलं काही कथन आहे का हे बघूनच मुद्दा काढायचा असतो. डोळे मिटून मुद्दा काढला की दावा कित्येक वर्षं तहसीलमध्ये पडून राहतो.

आणि निकाल लागला म्हणजे संपलं असंही नाही. प्राथमिक हुकूमनामा (कोणाचा किती हिस्सा हे ठरवणारा) झाला की सारा भरणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, म्हणजे तहसील आणि भूमी अभिलेख. घर आणि गावठाणातली जागा मात्र कोर्टानेच कमिशनर नेमून वाटायची. हे दोन रस्ते हुकूमनाम्यात वेगळे लिहिले नाहीत तर घर तहसीलला जातं आणि तिथून ‘आमचा अधिकार नाही’ म्हणून परत येतं.

मुलाखतीत ‘लवकर’ म्हणायचंच असेल तर यातली एक जागा धरून सांगा.

कुडाळकर_काका

झिला, पोटहिस्सान सांगल्यानीत ता पाठ कर. शहाण्यान कोर्टाची पायरी चढू नये म्हणतत, पण ज्येका चढूक लागता तेका निदान वरती बसलेलो मानूस तरी शहाणो गावूक होयो!

कातळ

पोटहिस्सा यांच्या प्रतिसादात मोजणीची भर घालतो. हद्दीच्या वादात आदेश २६ नियम ९ खाली भूमी अभिलेखच्या मोजणीदाराला कोर्ट कमिशनर नेमतात. हुकूम जूनमध्ये केला तर तो कागदावरच राहतो. पावसात सड्यावर आणि रानात काठीभर गवत, व्हाळाला पाणी, जुना गडगा झाडोऱ्यात गडप, दगड सापडत नाही. मोजणीची तारीख डिसेंबर ते एप्रिल यातच पडेल असं बघून हुकूम करावा, मोजणी फी भरायची मुदत हुकुमातच घालावी, आणि कमिशनरने नेमकं काय दाखवायचं ते लिहावं: दोन्ही गटांची मूळ हद्द, आजची वहिवाट, अतिक्रमण असल्यास किती आणि कोणत्या दिशेला. नुसतं ‘मोजणी करून अहवाल द्यावा’ लिहिलं तर एकाच गटाचा नकाशा येतो आणि त्यावरून काहीच ठरत नाही.

न्यायाधीशाला स्वतः जागेवर जाऊन पाहणी करायचा अधिकार आहे (आदेश १८ नियम १८). वाटेच्या आणि पाण्याच्या वादात एक तास जागेवर घालवला तर उलटतपासाचे चार दिवस वाचतात. त्या पाहणीची टिपणी करून नस्तीत ठेवायला मात्र विसरू नये.

वाटसरू_दापोली

वाटेवरून आठवलं, अधिकार कोणाचा हे आधी बघावं लागतं. चालू वाट अडवली असेल तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५, अडवल्यापासून ६ महिन्यांत तहसीलदाराकडे. बांधावरून नवीन रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३, तेही तहसीलदाराकडेच, आणि त्या निर्णयाविरुद्ध वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. वहिवाटीचा हक्क शाबीत करायचा असेल तर सुविधाधिकार कायदा, २० वर्षांचा अखंड वापर, आणि ते काम दिवाणी कोर्टाचं. पक्षकार तिन्ही गोष्टी एकाच अर्जात घालून आणतो. पहिल्याच दिवशी हे वेगळं करून सांगणारा न्यायाधीश त्या माणसाची काही वर्षं वाचवतो.

हर्णै_बंदर

सगळे जमिनीवरच बोलताहेत. रातांबा, तुम्ही अर्ध्याच खुर्चीसाठी उत्तर लिहिलंय. याच पदावर तुम्ही प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी असता: ३ वर्षांपर्यंत कैद, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवेची शिक्षा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रिमांड, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचं की नाही हा निर्णय. पोलीस माणसाला २४ तासांच्या आत आणतात, तेव्हा त्याच्या आणि कोठडीच्या मध्ये फक्त तुम्ही असता. सुट्टीच्या दिवशीही.

रिमांड अर्ज समोर आला की काय बघायचं? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर अटकच का केली, नोटीस देऊन का भागलं नाही (२०१४ चा अर्नेश कुमार निकाल, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५). अटकेची कारणं लेखी, त्याला समजणाऱ्या भाषेत दिली का. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं आणि अटकेच्या वेळी शक्य नसेल तर निदान हजर करण्याच्या दोन तास आधी लेखी कारणं द्यावीत असं सांगितलं. वैद्यकीय तपासणी झाली का, नातेवाइकाला कळवलं का. आणि आरोपीला स्वतः विचारायचं, ‘मारहाण झाली का?’ पोलिसांना चार पावलं लांब उभं करून.

आता किनाऱ्यावरचं खास. ट्रॉलरवरचे खलाशी आणि हापूसच्या बागेतले राखणदार यांत नेपाळहून आलेले कामगार भरपूर. जामीन मंजूर होतो, पण ‘एक स्थानिक लायक जामीनदार’ म्हटलं की माणूस आतच राहतो. त्याच्यासाठी सातबारा घेऊन कोण उभा राहणार? स्थानिक माणसाचाही सातबारा सामाईक असतो, त्यावर ऐपतीचा दाखला मिळायला दिवस जातात. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर तो निर्धन समजून जातमुचलक्यावर (स्वतःच्याच हमीवर) सोडायचा, हे कलम ४७८ मध्येच आहे. बाकी गुन्ह्यांत तात्पुरती रोख जामीन देऊन जामीनदारासाठी मुदत देता येते. जामीन मंजूर होऊन महिना झाला तरी माणूस सुटला नसेल तर कोर्टाने आपण होऊन अट शिथिल करायचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय.

‘जामीन मंजूर झालेला माणूस जामीनदाराअभावी आत राहू नये, हे बघायला मला तिथे बसायचंय.’ असं कारण कुठल्याही पॅनेलपुढे टिकतं, कारण ते तुमच्या हातात आहे.

सोनचाफा

हर्णै_बंदर, हा प्रतिसाद जपून ठेवला. फक्त एक: अशा आरोपीला दुभाषा लागतो. मराठी-हिंदी कळत असेल असं गृहीत धरून ‘गुन्हा कबूल’ लिहून घेणं ही घोर चूक आहे.

करवंद

एक रोखठोक प्रश्न. पगार आणि मान हे कारण सांगितलं तर काय बिघडलं? न्यायिक वेतन आयोगानंतर सुरुवातीचं मूळ वेतन ७७,८४० आहे, वर भत्ते, निवास. तालुक्याच्या बारमध्ये पहिली पाच वर्षं वकिलाला काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. प्रामाणिक कारण द्या की.

मिऱ्याबंदर

करवंद, चांगलं वेतन हवंच, त्याने माणूस ताठ राहतो. पण ते नोकरी स्वीकारायचं कारण आहे. हेच काम का, हा प्रश्न उरतोच. चांगल्या पगाराच्या इतर सरकारी नोकऱ्याही आहेत.

आणि मान म्हणाल तर तो खूप एकटा पाडतो. तालुक्याचं गाव लहान. सत्यनारायणाचं बोलावणं, क्रिकेट स्पर्धेचं उद्घाटन, देवस्थानचा नारळ, बारमधल्या मित्राच्या घरचं लग्न, सगळीकडे नाही म्हणायचं. एप्रिल आला की बंगल्यावर आंब्याची पेटी येते, पाठवणाऱ्याचं नाव नसतं. ती पट्टेवाल्याने आत घ्यायची नाही हे आधी सांगून ठेवावं लागतं, कारण एकदा पेटी उघडली की गावभर झालं. जवळचा नातेवाईक वकील असेल तर त्याला तुमच्यासमोर उभं राहता येत नाही, बार कौन्सिलचा नियमच आहे. ज्याला माणसांत रमायला आवडतं त्याने याचा आधी विचार करावा. ‘यासाठी मी तयार आहे’ हे मुलाखतीत विचारण्याआधी सांगितलंत तर उत्तम.

बागायतदार_देवगड

वकील नाही, पण पक्षकारांच्या बाजूने एक सांगायचं आहे. बागेच्या वादात वेळ म्हणजे सगळं. मोहोर डिसेंबर-जानेवारीत, फळ मार्च ते मे. तूर्तातूर्त मनाईचा अर्ज फेब्रुवारीत आला आणि त्यावर हुकूम जूनमध्ये झाला तर तो कोणाच्याच कामाचा नाही. फळ कोणीतरी उतरवून वाशीला पाठवलेलं असतं आणि पुढे हिशेबाचा वेगळा दावा.

पोटहिस्सा

बागायतदार, अगदी बरोबर, आणि यावर तोडगा आहे. दोन्ही बाजू ‘बाग माझी’ म्हणतात तेव्हा मालकी ठरेपर्यंत फळ झाडावर सडू द्यायचं नसतं. एकतर आदेश ४० खाली रिसिव्हर (कोर्टाने नेमलेला तात्पुरता व्यवस्थापक) नेमून त्या हंगामापुरता लिलाव, रक्कम कोर्टात जमा. किंवा ज्याचा कब्जा प्रथमदर्शनी दिसतो त्याला तोडणीची परवानगी, अट अशी की पेट्यांचा आणि विक्रीच्या पट्ट्यांचा हिशेब दर पंधरा दिवसांनी दाखल करायचा आणि ठरावीक रक्कम भरायची. फवारणी-राखणीचा खर्च आधी वजा करायला सांगावं, नाहीतर पुढच्या वर्षी बागेकडे कोणी बघत नाही. एकतर्फी मनाई दिलीच तर ३० दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा हे आदेश ३९ नियम ३-अ सांगतो. हापूसला तेवढेच दिवस असतात.

पालखीचा_भोई

शिमग्याचंही असंच. पालखी आधी कोणाच्या अंगणात हा वाद सणाच्या दोन दिवस आधी कोर्टात येतो. निव्वळ मानपान हा दिवाणी हक्क होत नाही. मान एखाद्या पदाला जोडलेला असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे दावा चालतो. देवस्थान नोंदणीकृत न्यास असेल तर काही मुद्दे धर्मादाय आयुक्तांचे, दिवाणी कोर्टाला सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ८० आड येतं. आणि शांतताभंगाची भीती असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा हुकूम तहसीलदार-प्रांतांचा, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा नाही. अशा वेळी एकतर्फी मनाई देणं म्हणजे गावात आग लावणं. त्याच दिवशी दुसऱ्या बाजूला नोटीस, दुसऱ्या दिवशी दोघांना ऐकून हुकूम, एवढा वेळ असतोच.

करवंद

मला अजून एक पटत नाही. सगळे म्हणताहेत काम करीन. पण कामाचं मोजमाप होतं निकालांच्या संख्येवर. चेक न वटल्याच्या कलम १३८ च्या तडजोडी, किरकोळ दंडाचे खटले काढले की आकडा भरतो. तीस प्रतिवादींचा १९९० च्या दशकातला दावा कोण हातात घेणार?

कातळ

खरी अडचण आहे, पण त्याला शिस्त हाच उपाय. जुने दावे बोर्डावर (दिवसाच्या कामाच्या यादीत) शेवटी लावले तर त्यांच्यापर्यंत दुपार पोचत नाही. रोज एक जुना दावा, सकाळच्या सत्रात, पुराव्यासाठी. साक्षीदार मुंबईचा असतो, त्याची सोय बघा: चाकरमानी येतात मे महिन्यात आणि गणपतीत, आणि मेमध्ये दिवाणी कामाला उन्हाळी सुट्टी. म्हणून सरतपास (साक्षीदाराची मूळ साक्ष) शपथपत्रावर आधीच घ्यायचा आणि उलटतपास व्हिडिओवरून किंवा गणपतीच्या पुढच्या-मागच्या कामाच्या दिवसांत ठेवायचा. ‘पक्षकार गैरहजर, तहकूब’ या शेऱ्यांपैकी कितीतरी नुसत्या कॅलेंडरकडे बघून टळतात.

रातांबा

सगळ्यांचे मनापासून आभार. मधेच एक शंका: सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाप्रमाणे न्यायाधीश भरतीसाठी लागणाऱ्या तीन वर्षांच्या वकिलीचा दाखला कोणाचा लागतो?

सोनचाफा

किमान १० वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा, आणि त्यावर त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही. वकिली तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजतात. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरतात. ज्या भरतीची जाहिरात त्याआधी निघाली होती तिला ही अट नव्हती. नेमणुकीनंतर कोर्टात बसण्यापूर्वी वर्षभर प्रशिक्षणही त्याच निकालात सांगितलंय.

रातांबा

उत्तर नव्याने लिहिलंय:

‘तालुक्याच्या कोर्टात माणसाची कोठडी आणि त्याची जमीन, दोन्हींवरचा पहिला हुकूम होतो, आणि बहुतेकांसाठी तोच शेवटचा ठरतो. वकिली करताना मी पाहिलं की तिथलं नुकसान चुकीच्या निकालाने जेवढं होतं त्याहून जास्त न केलेल्या हुकमाने होतं: न विचारलेला वारस, चुकीच्या महिन्यातली मोजणी, जामीनदार नसलेला खलाशी. हे हुकूम करण्याचा अधिकार फक्त त्या खुर्चीला आहे. नेमणूक कुठेही झाली तरी मला हेच काम करायचं आहे, आणि दावे मी लवकर संपवीन.’

हर्णै_बंदर

फार चांगलं झालंय. ‘बहुतेकांसाठी तोच शेवटचा’ म्हटल्यावर अपिलाचं विचारतील, तयार राहा: कनिष्ठ स्तराच्या हुकूमनाम्यावर पहिलं अपील जिल्हा न्यायालयात, दुसरं उच्च न्यायालयात फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. रत्नागिरी-सिंधुदुर्गचं ते १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे, रायगडचं मुंबईलाच.

पोटहिस्सा

शेवटचे चार शब्द काढा, ‘दावे मी लवकर संपवीन.’ ते तुमच्या एकट्याच्या हातात नाही आणि पॅनेलला ते माहीत आहे. त्याऐवजी ‘माझ्या बोर्डावरचा कुठलाही दावा निव्वळ माझ्या दुर्लक्षामुळे तहकूब होणार नाही’ असं म्हणा. आणि वारसांबद्दल बोलणार असाल तर मुलींच्या हिश्शाचा प्रश्न येणारच: हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती, विनीता शर्मा निकाल (११ ऑगस्ट २०२०), २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या नोंदणीकृत वाटपाचा अपवाद, आणि बहिणीने दिलेलं हक्कसोडपत्र नोंदवलेलं नसेल तर त्याचं काय. हे चार नीट करून जा.

कुडाळकर_काका

आनी ‘सिरोंचाक पाठवल्यार?’ म्हणान इचारल्यानी तर हसान ‘जातंय’ म्हण. मागे-पुढे बघू नको.